पितळी बटणांचा कोट

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या कोर्टात सरकारी दुभाष्या टॉमीच्या मेहुण्याला गळ्यात साखळी घालून उभं केलं होतं; गोऱ्याचा बैल भाल्याने मारल्याचा आळ. तो तेव्हा कुठे होता, हे फक्त त्याच्या आईला, म्हणजे टॉमीच्या सासूला ठाऊक. "दुभाष्या, विचार तिला," मॅजिस्ट्रेट खेकसला. टॉमीने सासूकडे पाठ फिरवली. आम्हा इथल्या आदिवासींत जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघतही नाही, हे त्या दीडशहाण्याला कोण सांगणार? टॉमी पायाशी बसलेल्या कुत्र्याला म्हणाला, "विचार रे त्यांना, मुलगा कुठे होता?" सासूही कुत्र्यालाच म्हणाली, "सांग बाबा धन्याला, माझ्यासाठी झाडावरून मध काढत होता." टॉमीने इंग्रजीत सांगितलं. मॅजिस्ट्रेट खिदळला. "साक्ष कुत्र्याला दिली, कोर्टाला नाही. तीन वर्षं कैद. सांग म्हातारीला." टॉमीने पितळी बटणांचा सरकारी कोट काढून कुत्र्याच्या पाठीवर घातला. "घ्या साहेब, तुमचा दुभाष्या. यालाच सांगा."