तासाभराचे बटाटे

चौथ्या दिवशीही बटाट्यांचा लगदा झाला.

लिंबेर्तने झाकण काढलं आणि पातेल्यात डाव फिरवला. डावाला पांढरी पेज लागून आली. सालं तेवढी वर तरंगत होती.

"तासभरच ठेवले होते," तो म्हणाला. "घरी आई तासभरच ठेवते."

"तुझ्या आईला म्हणावं, याला खाणीत पाठवा. चुलीपाशी नको," नोएमी म्हणाली.

सगळे हसले. अकरा चमचे एकाच पातेल्यात शिरले. मीठ टाकून, लाल मिरचीचं वाटण कालवून त्यांनी ती पेज संपवायला घेतली. काल आणि परवाही त्यांनी हेच केलं होतं.

ही उंच डोंगरावरच्या पोतोसी गावच्या शाळेतली शेवटच्या वर्षाची मुलं. सहलीला सीमेपलीकडे, समुद्रकाठच्या इकिकेला आली होती. जुन्या युद्धात गमावलेल्या ज्या समुद्रासाठी बालवाडीपासून दर मार्चला त्यांनी झेंडे घेऊन संचलन केलं, तो आता वसतिगृहाच्या खिडकीतून दिसत होता. तो त्यांच्या देशाचा राहिला नव्हता. पण पाय भिजवायला त्याने कोणालाच अडवलं नाही.

यानेतही खात होती, हसत होती. उद्या सकाळी सहाला परतीची बस होती आणि ती त्या बसमध्ये बसणार नव्हती. तिची आई सहा वर्षांपूर्वी कामासाठी इथे आली, ती इथलीच झाली; यानेत तिकडे आजीपाशी राहिली. आता आईने स्वतःची खोली घेतली होती. यानेतसाठी कापडाच्या दुकानात कामही ठरवलं होतं, सोमवारपासून. सहलीबरोबर आलेल्या शिक्षिका एउसेबियाबाईंना हे ठाऊक होतं. जिवलग मैत्रिणीला, नोएमीला, सांगायचं राहिलं होतं. पहिल्या दिवशी सांगू, म्हणता म्हणता चौथा दिवस उजाडला. थोड्याच वेळात आई तिला न्यायला येणार होती.

दार वाजलं. आईच होती. केस आखूड कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला.

"या मावशी, जेवायला बसा," लिंबेर्त म्हणाला. "आमच्याकडे दात नसले तरी चालतं."

आईने पातेल्यात डोकावून पाहिलं. "किती वेळ ठेवले होते?"

"तासभर."

"अरे देवा!" आई म्हणाली. तिने हात धुतले आणि कोपऱ्यातली बटाट्यांची दुसरी पिशवी ओढली.

बटाटे शिजत असताना ती मुलांशी बोलत बसली. डोंगरावर यंदा बर्फ पडला का? बाजारातले चपटे पाव अजून त्याच म्हातारीकडे मिळतात का? घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पावाबद्दल विचारता विचारताच ती उठली आणि गॅस बंद केला. बटाटे अखंड होते. सुरी लावली की मऊसूत उलगडत होते.

"इथे खाली पाणी पुरतं तापतं, बटाटे वीस मिनिटांत होतात," आई म्हणाली. "आपल्याकडे उंचावर ते नुसतंच उकळतं."

"हे मी तुम्हाला नववीत शिकवलं होतं," एउसेबियाबाई म्हणाल्या.

"शिकवलं होतं बाई," लिंबेर्त म्हणाला, "पण तेव्हा समोर बटाटे नव्हते."

जेवणं झाली. मुलं शेवटचं डुंबायला समुद्राकडे पळाली. जाता जाता नोएमी ओरडली, "यानेत, चल गं! उद्या या वेळी वाळवंटात असू, थुंकीसुद्धा वाळेल!"

"आले," यानेत म्हणाली. पण ती मोरीपाशीच उभी राहिली. आई ताटल्या विसळत होती आणि ती पुसत होती.

एउसेबियाबाई हातात यादी घेऊन आल्या. त्यांनी यानेतच्या आईला, साबिनाला, शिकवलं होतं आणि यानेतलाही.

"साबिना, सीमेवर नावं द्यायची आहेत," त्या म्हणाल्या. "यानेतचं खोडू ना गं?"

 साबिनाने मुलीकडे पाहिलं.

"खोडा, बाई," यानेत म्हणाली.  मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं, "आई, तुला बटाट्यांचं हे शिकायला किती दिवस लागले?"

"एक."

"एकच? आम्हाला चार दिवसांत जमलं नाही."

"तुम्ही अकरा जण होतात. हसत हसत संपवलंत." आईने नळ बंद केला. "माझं पातेलं मी एकटीने संपवलं. खोलीचं दार लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी आपोआप आलं."

बाहेरून पुन्हा नोएमीची हाक आली. या वेळी तिच्यामागून लिंबेर्तचीही आली, मग आणखी दोघा-तिघांची. यानेतची नजर खिडकीकडे गेली आणि लगेच खाली आली. हातातली ताटली केव्हाच कोरडी झाली होती. ती पुसतच होती.

सहा वर्षं साबिनाने दर रविवारी फोनवर एकच विचारलं होतं, "कधी येतेस?" आता तिने मुलीच्या हातातून ती ताटली काढून घेतली. पदरासारखं कमरेला बांधलेलं फडकं सोडून तिने स्वतःचे हात पुसले, पुष्कळ वेळ पुसले. मग ती बाईंकडे वळली.

"नाव राहू द्या, बाई," ती म्हणाली. "तिला अजून थोडी वर्षं सगळ्यांबरोबर तासाभराचेच बटाटे खाऊ द्या."