काचेची धार

जागेश्वरनं काच पुन्हा पाण्यात बुडवली आणि कुरुंदाचा दगड तिच्या कडेवरून लांबवर ओढला. कोरडं घासलं की काचेची पूड उडते, म्हणून त्यानं परात भरून शेजारी ठेवली होती. वरची कड झाली, खालची झाली, बाजूच्याही झाल्या. आता तो कोपरे घासत होता.

शेजारच्या क्वार्टरमधले केशवराव फॅक्टरीच्या बसमधून उतरून तसेच मागच्या अंगणात आले.

"अजून तेच चालू हाय का? काच खाचेत बसल्यावर तिची धार कोणाले दिसते?"

"दार सरकवताना हात लागते ना भाऊ."

"तुया हात सुताराचा, त्याले काय होते? अन् सापाले तर हातच नाही."

जागेश्वर हसला. त्यानं काच फिरवून पुढचा कोपरा घेतला.

एक्क्याऐंशी सालचा श्रावण होता. जवाहरनगरात कुणाच्या घरात साप निघाला की लोक जागेश्वरला बोलवत. तो साप पोत्यात घाली आणि जंगलात सोडून येई. ही धामण मात्र सोडण्यासारखी नव्हती. तो पोचण्याआधीच कुणीतरी काठी घातली होती. पाठीची जखम भरेपर्यंत तिला ठेवून घ्यावं लागणार होतं. म्हणून ही सागवानी पेटी आणि तिला सरकत्या काचेची दारं.

त्याच्या बायकोला, मंदाबाईला, घरात साप नको होता. त्याहून जास्त तिला घरात नणंद नको होती. पण ते ती बोलून दाखवत नसे.

शकुनबाई जागेश्वरची थोरली बहीण. महारोगाच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी तिला बरी झाली म्हणून सोडलं होतं. एकोडीला सासरच्यांनी दार उघडलं नाही, तेव्हा भाऊ तिला इथं घेऊन आला. मंदाबाई तिच्या पाया पडली ती दुरूनच. ती तिला वेळेवर वाढी, पण ताट वेगळं, पेला वेगळा. शकुनबाईनं भांडी घासायला घेतली की "राहू द्या बाई" म्हणून काढून घेई. मग शकुनबाई ओसरीच्या टोकाला बसून राही.

"मले काहीतरी काम सांग रे," ती एकदा भावाला म्हणाली. "बसून बसून अजून दवाखान्यातच हावो असं वाटते."

जागेश्वरला ती पूर्वीची आठवत होती. भाताच्या बांधीतल्या चिखलातून दिवड साप शेपटीला धरून उचलायला तिनंच त्याला शिकवलं होतं.

दगडानंतर बारीक पॉलिश पेपर झाला. मग त्यानं कापसाचा बोळा कडेवरून फिरवला. एका जागी तंतू अडकला. तेवढी जागा त्यानं पुन्हा घासली. बोळा सरळ निघून गेला तेव्हा काचा खाचांत बसवल्या, हात धुतले आणि पोत्यातली धामण पेटीत सोडली.

"ताई, उद्यापासून माही दिवसाची ड्यूटी हाय. हिले पाणी तूच ठेवशील. उघड बरं दार."

मंदाबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "अवो, त्यायले कायले सांगता? काच हाय ते! त्यायच्या बोटायले कापलं तरी समजत नाही."

"म्हणूनच तर घासून राहिलो होतो," जागेश्वर म्हणाला.

केशवराव खाली परातीकडे पाहत राहिले.

शकुनबाई ओसरीच्या टोकावरून उठली. तिनं वाकड्या बोटांचा हात कडेला लावून काच सरकवली. काच आवाज न करता सरकली. तिनं पाण्याची वाटी आत ठेवली. धामण कोपऱ्यात वेटोळं करून तशीच पडून होती. शकुनबाईनं दार लावलं, पुन्हा थोडं उघडलं, पुन्हा लावलं.

मग तिनं हात डोळ्यांजवळ नेला. तिला जवळचं नीट दिसत नसे. तो हात तिनं तसाच मंदाबाईपुढे धरला.

"पाह्य वो मंदा, कुठं कापलं का?"

मंदाबाई जागची हलली नाही. जागेश्वर पुढे आला नाही.

मग मंदाबाईनं आपले हात पदराला पुसले. नणंदेचा हात हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. एकेक बोट उलटून पाहिलं. मिटलेली बोटं हळूच उघडून आतूनही पाहिली.

"लागलं नाही," ती म्हणाली. "आता तो दुसरा दाखवा."