मैदानावरचा म्हसोबा

“काय बी होऊ दे, मैदानावरल्या म्हसोबाला रोज शेंदूर लाव. अन् त्याला जागचा हलू देऊ नको.” जाताना सासूबाईंनी माझ्याकडून वचन घेतलं. आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, तेव्हाच्या त्या शेवटच्या सरपंच.

माझा नेम कधी चुकला नाही. परवा मच्छिंद्र बिल्डर आला. “काकू, देव उन्हात बसलाय हो. रस्त्याकडेला संगमरवरी मंदिर बांधून देतो.”

जत्रेत नारळसुद्धा न फोडणारा हा माणूस! मला शंका आली. पंचायतीचे जुने शिपाई हमीदचाचा, त्यांना विचारलं.

“वहिनी, रागावू नका. तो देव नाही. पोरांचं मैदान कुणी बळकावू नये म्हणून तुमच्या सासूबाई सोजरबाईंनी अन् मी हद्दीच्या कोपऱ्यावर दगड रोवला, शेंदूर फासला. म्हणाल्या, नुसता दगड उपटतील, देवाला हात लावायला कचरतील.”

संध्याकाळी मी देवघरात दिवा लावला. म्हसोबाला बोललेले माझे नवस तर फळले होते.

सकाळी आंघोळ करून शेंदूर कालवला, रोजच्यापेक्षा बराच जास्त, आणि पाटीत दगड घेऊन निघाले. मैदानाचे अजून तीन कोपरे मोकळे होते.