बर्फाचा डबा

“ही पिशवी रात्री फ्रीजरमध्ये नव्हती ठेवली का, काकू?” हरिओमनं विचारलं.

तपासणीच्या खोक्यातली, बर्फासारखी गोठवून ठेवायची निळी पिशवी त्याच्या हातात लिबलिबत होती. रक्ताची नळी भरून झाली होती. नीलम्मा कोपरावर कापूस दाबून बसली होती.

“खोकं देवघरात ठेवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “लेकीनं पुण्याहून धाडलेलं. समईजवळ.”

खोक्यावर विभूतीची तीन बोटं उठली होती. हरिओमनं हसू गिळलं. गळ्याच्या गाठीच्या तपासणीचं हे रक्त थंडच पुण्याला पोचायला हवं होतं. ऑपरेशनचं डॉक्टर त्यावरच ठरवणार होते. जिंतूरहून कुरिअर दहाला सुटायचं. नवं खोकं यायला पंधरा दिवस लागले असते.

लेकीनं, शिवानीनं, नऊ लॅबवाल्यांना फोन केले होते. एका नळीसाठी येलदरीपर्यंत कोण येतं? दहावा हरिओम. तो “येतो की” म्हणाला, म्हणून आज पहाटेच पूजा आटोपताना नीलम्मानं त्याचंही नाव घेतलं होतं.

लाईट कालपासून नव्हती. फ्रीजमधलं पाणीसुद्धा कोमट.

“बर्फ गावात एकीच्याच घरी सापडंल,” शिवाप्पा दारातून बायकोकडे न बघता म्हणाले. “कडूबाईच्या. ती अजून निघाली नसंल.”

कडूबाई धरणातले मासे बर्फात घालून रोज सकाळी एसटीनं विकायला न्यायची.

लग्न होऊन या घरात आल्यापासून बावीस वर्षं नीलम्मानं एक दिवस पूजा चुकवली नव्हती. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळे मिटायचे, मग पाण्याचा घोट. घर धरणाकडून एसटी स्टँडला जाणाऱ्या रस्त्यावर. पण पूजेच्या वेळी माशाचा वास कधी उंबऱ्यापर्यंत आला नाही. महादेव वारा फिरवतो, असं ती मानायची, आणि रोज शेवटी त्यासाठी हात जोडायची.

तिनं नळीकडे पाहिलं.

“आणा,” ती म्हणाली.

शिवाप्पांच्या गाडीवरून कडूबाई स्वतःच आली. मांडीवर स्टीलचा डबा, राखेनं घासून लख्ख केलेला. ती पायरीखालीच थांबली.

“ह्याला मासा लागलेला न्हाई, आक्का. लादी वरून तासून टाकली, आतला तुकडा आणलाय.”

हरिओमनं बर्फ एका कोऱ्या पिशवीत भरून खोक्यात घातला, नळी फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवली, खोक्याचं झाकण दाबलं. “पोचतंय काकू. आता तुमी खाऊन घ्या आधी.” त्याची गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठं नीलम्माचा जीव भांड्यात पडला.

ती आत जाऊन प्रसादाचं खोबरं-साखर घेऊन आली.

“वर ये गं.”

“नको आक्का. अंगाला वास हाय.”

मग नीलम्माच पायऱ्या उतरली. कडूबाईच्या ओंजळीत तिनं प्रसाद ठेवला.

“रोज दारावरून जातीस,” ती म्हणाली. “कधी हाक नाही मारलीस मला.”

“दारावरून कुठं?” कडूबाईनं साखर तोंडात टाकली. “तुमच्या पूजेची येळ असती ती. मी कॅनॉलकडून वळसा घालून जाती. बावीस वरसं झाली.”