धाकटीचे खडे

तीन वर्षं थोरलीचं पोट दुखत होतं. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळे रिपोर्ट नॉर्मल. "मनाचं दुखणं आहे," म्हणून सासूबाईंनी विषय मिटवला होता. नवरा तर हल्ली तिनं 'दुखतंय' म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा.

धाकट्या जावेचं पोट दुखायला लागलं आणि आठवड्याच्या आत पित्ताशयात खडे सापडले. ऑपरेशनही झालं. आता सासूबाई तिला चमच्यानं सूप भरवत होत्या आणि काढलेल्या खड्यांची बाटली भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिली जात होती. बाटली थोरलीकडे आली तेव्हा तिच्या मनात आलं, हिला सगळंच कसं आयतं मिळतं! वाटाण्याएवढा एक खडा माझ्या पोटात निघाला असता, तर देवाचं काय बिघडलं असतं?

"तिला नका दाखवू," सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचं कौतुक झालं की तिच्या पोटात दुखतं."

सगळे हसले. थोरलीही हसली, कारण या वेळी ते खरं होतं. धाकटी तेवढी हसली नाही.

सगळे चहाला खाली गेल्यावर ती म्हणाली, "ताई, पहिल्या डॉक्टरांनी मलाही 'गॅस आहे' म्हणून परत पाठवलं होतं. पण तुमचे हाल मी बघितले होते, म्हणून तिथून हललेच नाही. उद्या तुमची फाइल घेऊन या. ताईंचं पोट तपासल्याशिवाय मी टाके काढू देणार नाही, असं सर्जनना सांगून ठेवलंय."