सात गोल

मंदाकिनीबाईंनी पिशवीतून फाइल काढली नाही, कर्वेनगरच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडरच काढलं आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून एकेक पान उलटून दाखवलं. सात महिने, सात लाल गोल. शेजारच्या खुर्चीत त्यांची सून सृष्टी खाली मान घालून बसली होती.

"बघा. दर अठ्ठावीस दिवसांनी हिला आकडी येते. फार तर एक दिवस इकडेतिकडे. दुखण्याला कधी तारीख कळते का हो? नाटकं आहेत ही. आपण तेवढं लिहून द्या, म्हणजे वाघोलीला हिच्या वडिलांना कळवते, घेऊन जा म्हणून."

डॉक्टरांनी गोल मोजले आणि सृष्टीला विचारलं, "पाळी कधी येते?"

"गोलानंतर दोन दिवसांनी," सृष्टी पुटपुटली.

आपल्या घरात शिवाशिव पाळत नाहीत, याचा मंदाकिनीबाईंना कोण अभिमान. त्यामुळे सुनेची पाळी कधी येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मेंदूतल्या पेशी नको तितक्या भडकल्या की आकडी येते," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना आवरून धरणारी हार्मोन्सही शरीरात असतात. ती पाळीच्या तोंडावर एकदम उतरतात. मग काही बायकांची राखण सुटते. हिचं बहुधा तसंच आहे. तपासण्या करू, पण हे नाटक नव्हे."

मंदाकिनीबाईंना ते पटेना. त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. आजकाल कोण कोणाला आतून सामील असेल, सांगता येत नाही.

"तुम्ही मूळच्या वाघोलीच्या का?"

"येरवड्याची." डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांचं बोट गोलांपाशी लिहिलेल्या बारीक अक्षरांवर होतं. तीन मिनिटं. दोन मिनिटं दहा सेकंद. "ही वेळ कोणी लावली?"

"मीच. दर वेळी शेजारी उभी राहून, घड्याळ हातात घेऊन." मंदाकिनीबाईंचा आवाज जरा चढला. "सेकंदाची चूक सापडायची नाही."

"उत्तम. औषध ठरवायला फार उपयोगी पडेल." डॉक्टरांनी सगळ्या वेळा उतरवून घेतल्या. "आणि तेव्हा हिच्या डोक्याखाली काय होतं?"

मंदाकिनीबाई कॅलेंडरची पानं मिटू लागल्या.

सृष्टीने भुवईवर आलेले केस मागे सारले. तिथे टाक्यांची खूण होती.

"फरशी," ती म्हणाली.