रेघेवरचा टाका

टाका रेघेवर होता.

लिएनने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, क्षणभर मिटले आणि पुन्हा पाहिलं. पांढऱ्या कापडाची नळी. तिच्यात मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीसाठी ठेवलेली खिडकी, खिडकीभोवती केसाएवढी बारीक धातूची कडी आणि ती कडी धरून ठेवणारे चौदा टाके. नवव्या आणि दहाव्या टाक्यांमधलं अंतर मोजपट्टीवरच्या कमाल मर्यादेच्या लाल रेघेला टेकलं होतं. आत नाही, बाहेरही नाही.

सोबतच्या कागदावर रुग्णाचं नाव नव्हतं. पुरुष, वय चौऱ्याहत्तर, पर्थ, शस्त्रक्रिया गुरुवारी. त्याच्या पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगली होती. पोट न फाडता, जांघेतून ही नळी आत सरकवून तिथे उघडायची होती. नळी त्याच्याच मापाने बेतलेली. दुसऱ्या कुणाला ती बसली नसती, आणि त्याला दुसरी कुठली बसली नसती.

खाली शिवणारीचं नाव होतं. तुयेत. लिएनची आई. तिला जाऊन बारा दिवस झाले होते. लिएनच्या पांढऱ्या गाऊनच्या आत, शर्टावर, सुतकाचा काळा तुकडा टाचलेला होता.

"मीही पाहिलाय तो," मागून ग्लेनिस म्हणाली. ब्रिस्बेनच्या या शिवणखोलीची ती प्रमुख. "नियमात रेघ म्हणजे आतच."

"आई आत धरायची नाही."

"नियम मी सांगते, तुझी आई नाही."

"मी शिकत होते तेव्हा रेघेवरच्या टाक्यासाठी तिने मला अकरा वेळा उसवायला लावलं. एकदा तर माझ्या वाढदिवसाला."

"मला विचारायची, लोसा, हा टाका आहे की जिन्याची पायरी?" शेजारच्या टेबलावरून लोसामावशीने डोकं न उचलता सांगितलं. "मी रविवारी चर्चमध्ये जाऊन तिची तक्रार केली."

"मग?"

"देव म्हणाला, उसव."

ग्लेनिस हसली नाही. तिने आवाज खाली आणला. "लिएन, पाटी कोरून आलीय. पितळेची. शुक्रवारी जेवणाच्या खोलीत लावायचीय. तिचं नाव आणि खाली, 'एकोणीस वर्षं. तपासणीतून एकही नळी परत नाही.' तू ही परत पाठवलीस तर..." ती थांबली. "तुला जड जात असेल तर दुसरी कुणी तपासेल. ती पास करेल, आणि त्यात काही चूक नसेल. त्या माणसालाही काही होणार नाही."

लिएनने पुन्हा भिंगात पाहिलं. होणारही नाही कदाचित. पण दिवसातून लाख वेळा रक्त या टाक्यावर येऊन आपटणार होतं. अशा वेळी आई एकच म्हणायची. जा, त्या रुग्णाला सांगून ये, रेघ म्हणजे आतच.

तिने परतीचा कागद ओढला. शिवणारीच्या रकान्यात आईचं नाव हाताने लिहिलं, अक्षरांवरच्या व्हिएतनामी चिन्हांसकट. कंपनीच्या कुठल्याच कागदावर ती चिन्हं कधी नसत.

"न्यायला गाडी चारला येते," ग्लेनिस म्हणाली. दीड वाजला होता.

"दे इकडे, मी शिवते," लोसामावशी म्हणाली.

"मी शिवते. तू तपास." स्वतःचा टाका स्वतः तपासायचा नाही, एवढा एक नियम कुणीच मोडत नसे.

कडीभोवतीचा धागा एकसलग होता, म्हणून चौदाच्या चौदा टाके काढावे लागले. लिएनने ते एकेक करून चिमट्याने उचलले. आठवा सुटेपर्यंत आईचा हात घट्ट जाणवत होता, नवव्यापासून तो सैल होत गेला होता. शेवटच्या आठवड्यात आई चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होती. लिएनने ते पाहिलं होतं.

मग तिने सुई ओवली.

शिवून झाल्यावर लोसामावशीने चष्मा पुसला आणि ती बराच वेळ भिंगाला डोळे लावून बसली.

"तिसऱ्यापासून उसव."

"तिसरा? तो आत आहे, मावशी!"

"आत आहे गं. पण बिचकून बसलाय. या नळीवरचे बाकीचे सगळे टाके तुझ्या आईचे आहेत, त्यांच्या शेजारी बसायचंय त्याला."

लिएनने उसवलं. पुन्हा शिवलं. चारला वीस मिनिटं कमी असताना लोसामावशीने मोजपट्टी लावली, चौदाही जागा मोजल्या, मग उगाचच पहिल्यापासून पुन्हा मोजल्या आणि सही केली.

"आता तुला कुणी काही शिकवायला नको," ती म्हणाली. "शिकवणारी होती तिने पुरेसं छळलंय."

ग्लेनिस दारात उभी होती. हातात तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"याचं काय करू?"

"खालची ओळ घासून टाक," लिएन म्हणाली. "नाव राहू दे."

पास झालेली नळी शिवणारीने स्वतःच्या हाताने पॅकिंगच्या खिडकीशी न्यायची, ही इथली पद्धत. लिएनने ट्रे दोन्ही हातांत धरला आणि टेबलांच्या मधून चालत गेली. खिडकीपलीकडे डग वही उघडून बसला होता. तो रोज प्रत्येकीला विचारायचा तेच त्याने मान खाली घालून विचारलं.

"कुणाची?"

"आईची," लिएन म्हणाली. ट्रे आत सरकवला, पण लगेच सोडला नाही.

"चौदा टाके माझे."